बार्बाडोस चेरी: फुलं भरभरून, फळं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काय चुकतंय?

गच्चीवाली_सांगली | २४ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. झाडांमधलं कळणारी बरीच माणसं इथे आहेत म्हणून विचारते.

आम्ही विश्रामबागला राहतो. गच्चीवर निळा ड्रम अर्धा कापून त्यात बार्बाडोस चेरीचं झाड लावलंय. अ‍ॅसेरोला, वेस्ट इंडियन चेरी अशीही नावं आहेत त्याला. चार वर्षांपूर्वी बाबांनी त्यांच्या पलूसच्या परड्यातल्या झाडाची गुटी बांधून मला दिली होती. झाड आता माझ्या खांद्याएवढं झालंय. पानं तुकतुकीत, ऊन सकाळपासून चारपर्यंत. दर दीड महिन्याला दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालते. फुलं तर अशी येतात की फांदी गुलाबी दिसते. चार दिवसांत सगळी खाली! गेल्या वर्षभरात मिळून नऊ फळं धरली. मोजली आहेत.

पलूसच्या झाडाला मात्र टोपलीभर चेरी लागतात. आणि माझं झाड म्हणजे त्याचीच फांदी! बाबांना आता गुडघ्यामुळे माझ्या गच्चीवर चढता येत नाही, पण फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो, "चेरी लागली का गं?" यंदा त्यांना या झाडाची डबाभर फळं नेऊन द्यायची फार इच्छा आहे. मार्ग सांगा.

मिरजमळा | २४ एप्रिल, रात्री १०.१५

ताई, आधी झाड तेच आहे ना हे बघून घ्या. मला एका नर्सरीवाल्याने बार्बाडोस म्हणून सुरिनाम चेरी दिली. दोन वर्षं खतपाणी केलं आणि फळ आलं ते भोपळ्यासारख्या उभ्या धारांचं, चवीला उग्र. आपल्याकडे नर्सरीत चेरी म्हणून तीन-चार वेगवेगळी झाडं मिळतात. सिंगापूर चेरी म्हणतात ते झपाट्याने वाढणारं सावलीचं झाड, पांढरी फुलं आणि बारीक बियांनी भरलेलं गोड फळ. धारा असलेली ती सुरिनाम. आणि केकवर लाल चेरी म्हणून बसते ती तर बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेली करवंदं असतात.

गच्चीवाली_सांगली | २४ एप्रिल, रात्री १०.३०

झाड तेच आहे दादा, शंका नाही. फूल गुलाबी, पाच पाकळ्या आणि पाकळीची कड कातरकाम केल्यासारखी. जी नऊ फळं आली ती लालभडक, सालीला धार नाही, नुसते तीन हलके फुगवटे.

तासगावचा_बागायतदार | २५ एप्रिल, सकाळी ६.५०

झाड माजलंय. द्राक्षात असंच होतं. नत्र जास्त झालं की वेल नुसती पाल्यावर जाते आणि घड जिरतात. शेणखत तीन महिने बंद करा, शेंडे खुडा. आमच्याकडे आता खरड छाटणीची गडबड आहे, मोकळा झालो की सविस्तर लिहितो.

गच्चीवाली_सांगली | २५ एप्रिल, सकाळी ८.०५

दादा, पाल्यावर गेलं असतं तर फुलंच कमी आली असती ना? इथे फुलं भरपूर आहेत, पण टिकत नाहीत.

तासगावचा_बागायतदार | २५ एप्रिल, दुपारी १.१०

हे बरोबर बोललात. मग माज नव्हे, सेटिंगचा, म्हणजे फळ धरण्याचा प्रश्न आहे. माझा पहिला सल्ला मागे घेतो. शेणखत चालू ठेवा.

माणदेशी_डाळिंब | २५ एप्रिल, दुपारी २.४५

ताई, आमच्याकडं आटपाडीला डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे आधी ताण द्यायचा. महिना-सव्वा महिना पाणी तोडायचं, पानगळ करायची, मग छाटणी आन् पाणी. झाड खडबडून जागं हुतं. माझ्या बांधावर ह्या चेरीचं एक झाड हाय. उन्हाळाभर काटकी झाल्यागत उभं असतंय आन् वळीव पडला की पंधरा-वीस दिवसांत फुलांनी लगडतंय. तुमी रोज पाणी घालून त्याला लाडावून ठिवलंय. पंधरा दिवस पाणी बंद करून बघा.

कृष्णाकाठ | २५ एप्रिल, दुपारी ३.२०

बंधू, तुमच्या बांधावरच्या झाडाची मुळं लांबवर पसरलेली आहेत. ताईंचं झाड अर्ध्या ड्रममध्ये आहे आणि सांगलीची गच्ची एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते. पंधरा दिवस पाणी तोडलं तर झाड जळून जाईल. ताई, हे अजिबात करू नका.

या झाडाची मुळं वरवरच असतात. जमिनीतल्या झाडाने कोरडं खूप सोसलं म्हणून कुंडीतलं सोसत नाही. आणि दुसरी बाजूही सांगतो, पाणी साचलेलंही त्याला चालत नाही. माझं झाड सात वर्षांचं होतं, अंगणात, छातीएवढ्या घेराचं झुडूप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी अंगणात शिरलं ते आठवडाभर हललं नाही. घर धुऊन काढण्याच्या नादात झाडाकडे पाहायला कुणाला फुरसत होती? पंधरा दिवसांनी पानं पिवळी पडून गळायला लागली. उकरून पाहिलं तर मुळांची साल हाताला लागताच निसटत होती, आंबूस वास येत होता. आंबा तगला, नारळ तगला, हे गेलं. आता नवीन रोप लावलंय ते दीड फूट उंच वरंब्यावर, काळ्या मातीत निम्मा मुरूम आणि वाळू कालवून.

माणदेशी_डाळिंब | २५ एप्रिल, सायंकाळी ६.००

कुंडीचं ध्यानात नव्हतं आलं. दादा म्हणत्यात ते खरं हाय. ताई, पाणी तोडू नका. वरचा दोन बोटं थर सुकला की द्या, वाफसा ठिवा. आन् ड्रमात उसाचं पाचट टाका, मुळं गार ऱ्हातील.

वाईकर_आजोबा | २६ एप्रिल, सकाळी ७.३०

आमच्या वाईच्या झाडाची पानं पिवळी पडली आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. बोअरचं पाणी घालतो. कुणी सांगेल का काय करावं? धाग्याचा विषय वेगळा आहे याची कल्पना आहे.

तासगावचा_बागायतदार | २६ एप्रिल, सकाळी ९.००

आजोबा, नवीन पानं आधी पिवळी झाली असतील तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यात लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. जमिनीत नुसतं हिराकस (लोहाचा क्षार) टाकून उपयोग कमी, चुन्यात तेही अडकतं. शेणखतात मुरवून द्या किंवा चिलेटेड लोहाची फवारणी करा, संध्याकाळी. पावसाचं पाणी साठवून घालता आलं तर सोन्याहून पिवळं.

वाईकर_आजोबा | २६ एप्रिल, सकाळी ९.२०

पिवळं नको, हिरवं हवंय बाबा! आभारी आहे, आजच शेणखतात मुरवायला ठेवतो.

आवळ्याच्या_झाडाखाली | २६ एप्रिल, रात्री ८.१०

मला मनापासून पडलेला प्रश्न विचारतो, राग मानू नका. क जीवनसत्त्वासाठीच हा खटाटोप असेल तर आपला आवळा काय वाईट आहे? न कुरकुरता येतो, मुरांबा होतो, सुपारी होते, च्यवनप्राश होतो. लांबचं झाड आणून त्याच्या मागे एवढं धावायचं कशासाठी?

कराडची_सून | २६ एप्रिल, रात्री ९.००

दादा, आवळा आमच्याही परसात आहे आणि कार्तिकात त्याखाली जेवणही होतं. पण आवळ्याचं झाड गच्चीवरच्या ड्रममध्ये मावणार नाही. शिवाय माझी पाच वर्षांची लेक आवळ्याला तोंड लावत नाही, चेरी मात्र फ्रॉकच्या ओच्यात भरून खाते. लांबचं म्हणाल तर मिरची, शेंगदाणा, पेरू, सीताफळ ही सगळीच समुद्रापलीकडून आलेली. सातारा-सांगलीच्या जेवणातून शेंगदाण्याचा कूट काढला तर ताटात काय उरेल सांगा!

आवळ्याच्या_झाडाखाली | २६ एप्रिल, रात्री ९.१५

कुटाचा मुद्दा पटला.

शाळेची_बाई | २७ एप्रिल, रात्री १०.५०

उशिरा पाहिला धागा. मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि हे झाड माझ्या अतिशय आवडीचं आहे, तेव्हा थोडं लांबेल.

गच्चीवालीताई, उद्या सकाळी एक ताजं फूल तोडा आणि उलटं करा. पाकळ्यांच्या खाली हिरवी निदलं दिसतील. त्यांच्या पाठीवर फुगीर, मेणचट गाठी असतात, जोडीजोडीने. नखाने दाबलीत तर बोटाला तेलकट लागेल. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. बहुतेक फुलं माशांना मधाची लाच देतात, हे फूल मध देत नाही, तेल देतं. दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हे याचं माहेर. तिथे सेंट्रिस नावाच्या एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या आहेत, त्या हे तेल खरवडून पिल्लांच्या खाण्यासाठी नेतात. तेल खरवडताना पोटाला परागकण लागतात आणि पुढच्या फुलावर पोचतात.

ती माशी आपल्याकडे नाही. आपल्या सातेरी नि फुलोरी माश्यांना या फुलात फारसा रस नसतो. थोडं काम वाऱ्याने, मुंग्यांनी, एखाद्या भटक्या माशीने होतं, म्हणून तुमची नऊ फळं. हवाईतही ती माशी नव्हती. तिथे संशोधकांनी हाताने परागीकरण करून पाहिलं, संप्रेरकांचे फवारे देऊन पाहिले, दोन्हीने फळं वाढली.

चेरीच्या या माल्पिगिएसी कुळातलं एक झाड आपल्या सह्याद्रीतही आहे बरं का, माधवीलता, म्हणजे हळदवेल. तिच्याही फुलामागे अशी ग्रंथी असते. कुळाला नाव मिळालं ते मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन वैद्यावरून. १६६१ साली त्याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या पहिल्यांदा पाहिल्या. आठवीच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती फूल जास्त निरखून बघतात.

आता मला एक सांगा. पलूसला बाबांकडे चेरीचं एकच झाड आहे का?

गच्चीवाली_सांगली | २८ एप्रिल, सकाळी ७.१५

बाई, फूल उलटं केलं! खरंच गाठी आहेत, दहा मोजल्या. बोटाला तेल लागलं. चार वर्षं मी हे फूल फक्त वरून बघत होते.

पलूसला दोन झाडं आहेत. एक विहिरीजवळ, त्याचीच गुटी माझ्याकडे. दुसरं गोठ्यामागे, ते बाबांच्या मित्राने कुठून तरी आणून दिलेलं, त्याची फळं जरा लहान आणि जास्त आंबट असतात.

शाळेची_बाई | २८ एप्रिल, सकाळी ७.४०

तर मग उत्तर तिथेच आहे. तुमचं झाड म्हणजे विहिरीजवळच्या झाडाचाच तुकडा. त्याला स्वतःचे परागकण मिळाले तर थोडी फळं धरतात, दुसऱ्या वाणाचे मिळाले की जास्त. पलूसला दोन वेगळी झाडं शेजारी आहेत. तुमच्या गच्चीवर ते एकटं आहे.

तासगावचा_बागायतदार | २८ एप्रिल, दुपारी १२.३०

बाई, शंभर टक्के मुद्द्याचं. मी जीए, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड हे संप्रेरक फवारा असं लिहायच्या बेतात होतो. आमच्या घरात त्याची पुडी कायम असते.

शाळेची_बाई | २८ एप्रिल, दुपारी १.००

दादा, हवाईतले ते फवारे मुख्यतः ऑक्झिन या वेगळ्या गटातल्या संप्रेरकांचे होते, त्यांची मात्रा फार काटेकोर लागते. एका झाडासाठी कशाला? रंगकामाचा शून्य नंबरचा ब्रश पुरे.

गच्चीवाली_सांगली | २८ एप्रिल, दुपारी १.१५

ब्रशने नेमकं कसं करायचं?

शाळेची_बाई | २८ एप्रिल, रात्री ९.३०

फूल पहाटे उमलतं, त्यामुळे काम सकाळी लवकर करायचं. मधोमध दहा पुंकेसर दिसतील, पिवळ्या टोकांचे. त्यांच्या बेचक्यात तीन आखूड हिरवे दांडे आहेत, ते स्त्रीकेसराचे. आंबट झाडाच्या फुलावर ब्रश हलका फिरवा, पिवळी भुकटी दिसली की ती तुमच्या फुलातल्या तिन्ही दांड्यांच्या टोकांना लावा. तिन्हींना, कारण आत तीन बियांची सोय आहे. फळाला जे तीन फुगवटे येतात ते त्यामुळेच. एका फुलाला पाच सेकंद लागतात. पावसात करू नका, भुकटी भिजते.

आणि खरंच कशाने फरक पडतो हे पाहायचं असेल तर फुलांच्या देठांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधा. काही फुलांना काहीच करू नका, काहींना त्यांच्याच झाडाचे पराग, काहींना पलूसचे. माझ्या मुलांना फार आवडेल हे.

मिरजमळा | २९ एप्रिल, सकाळी ८.२५

बाई, रोप बियांपासून करता येतं का? सुरिनाम काढून टाकणार आहे.

शाळेची_बाई | २९ एप्रिल, रात्री ९.००

येतं, पण बऱ्याच बिया पोकळ निघतात आणि आलेलं झाड आईसारखंच निघेल असं नाही. गुटी किंवा छाट कलम उत्तम. फळही दोनेक वर्षांत दिसतं.

कराडची_सून | १ मे, दुपारी ४.००

फळं आल्यावर काय करायचं तेही सांगून ठेवते, कारण तेव्हा घाई होते. फूल ते पिकलं फळ साधारण तीन-चार आठवड्यांचं काम. आणि पिकलेली चेरी झाडावर थांबत नाही, तोडल्यावरही थांबत नाही. मी पहिल्या वर्षी वाडगाभर ओट्यावर ठेवून माहेरी दोन दिवस गेले. परत आले तर वाडग्यात फेस आणि दारूसारखा वास. तेव्हापासून सकाळी तोडायची, धुवायची, लगेच फ्रीज. जास्त असतील तर बिया काढून गर बर्फाच्या खाचांमध्ये गोठवते.

सरबत उकळू नका. उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. गर हाताने कुस्करायचा, गाळायचा, खडीसाखर, सैंधव आणि चिमूटभर जिरेपूड. रंग सुंदर गुलाबी येतो पण ठेवला की तपकिरी पडतो, म्हणून केला की प्यायचा. अर्धकच्च्या फळांची हिरवी मिरची, लसूण, मीठ घालून पाट्यावर चटणी करते, ती भाकरीबरोबर आमच्याकडे सगळ्यात आधी संपते.

शाळेची_बाई | १ मे, सायंकाळी ६.१०

चटणी करता ते उत्तम. कच्च्या फळात क जीवनसत्त्व पिकलेल्याहून जास्त असतं. १०० ग्रॅम गरात हजार ते दोन हजार मिलिग्रॅमच्या दरम्यान सापडतं, गोड वाणात कमी, आंबटात जास्त. संत्र्यात पन्नासच्या आसपास असतं म्हणजे अंदाज येईल. पोर्तो रिकोमधल्या संशोधकांनी १९४६ मध्ये हे जगापुढे मांडलं, तोवर ते तिथलं कुंपणाचं साधं फळ होतं. आज सर्वात मोठी लागवड ब्राझीलमध्ये आहे. मोठ्या माणसाची दिवसाची गरज शंभर मिलिग्रॅमच्या आतच आहे, म्हणजे दोन चेरींत भागते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी वाडगेच्या वाडगे खाऊ नयेत, जादा क जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो. डॉक्टरांना विचारून खा.

कृष्णाकाठ | ३ मे, रात्री ८.४५

छाटणी करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. कोवळ्या पानांवर डोळ्यांना न दिसणारी लव असते. मी बनियनवर छाटलं आणि रात्रभर हात खाजत होते. खोबरेल लावल्यावर थांबलं.

आवळ्याच्या_झाडाखाली | ३ मे, रात्री ९.००

बुलबुलांचं काय करता? भावाच्या झाडावर लालबुड्या बुलबुलांची जोडी सकाळी साडेसहाला हजर असते आणि प्रत्येक फळाला एकच चोच मारते.

तासगावचा_बागायतदार | ३ मे, रात्री ९.१०

द्राक्षाची जुनी जाळी टाका. फाटकी असेल तर पक्षी अडकतो, तेवढं बघून शिवून घ्या.

वाईकर_आजोबा | ४ मे, सकाळी ६.४५

आम्ही शेंड्याकडच्या फांद्या त्यांना सोडतो आणि खालच्या झाकतो. सकाळी चहा घेताना ती जोडी दिसली नाही तर चुकल्यासारखं होतं. पानांचा पिवळेपणा कमी होतोय, तासगावकरांचे आभार. आता देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय.

माणदेशी_डाळिंब | ४ मे, सकाळी ७.३०

आजोबा, पिठ्या ढेकूण हाय त्यो. थोडा असंल तर जुना ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा, मग निंबोळी अर्क. मुंग्या चढत असतील तर त्या आधी थांबवा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेत्यात. आन् झाड रोगट न दिसता नुसतंच खुरटलं, मुळाला गाठी दिसल्या, तर सूत्रकृमी समजायचा. ह्या झाडाला त्येचा लई तरास. बुडाशी झेंडू लावा आन् निंबोळी पेंड घाला.

गच्चीवाली_सांगली | १७ मे, रात्री १०.००

वळीव झाला आणि पाचव्या दिवसापासून कळ्या दिसायला लागल्या. कालची गोष्ट सांगते.

शनिवारी पलूसला मुक्काम केला. बाबांना सगळं वाचून दाखवलं होतं. पहाटे साडेपाचला ते काठी टेकत स्वतः गोठ्यामागे आले आणि बॅटरी धरून उभे राहिले. मी आंबट झाडाची पन्नासेक फुलं देठासकट तोडली, स्टीलच्या डब्यात ओला रुमाल अंथरून ठेवली. स्कूटरवरून तासाभरात घरी. गच्चीवर गेले तेव्हा सूर्य नुकता कठड्याच्या वर आला होता.

साठ फुलं निवडली. वीस फुलांना पांढरा दोरा, त्यांना हात लावला नाही. वीस फुलांना लाल दोरा, त्यांना याच झाडाचे पराग. वीस फुलांना पिवळा दोरा, त्यांना डब्यातल्या फुलांचे. शिवणाच्या पेटीतला धागा बारीक असल्याने गाठ मारायला फार वेळ गेला. शेजारची सहावीतली मुलगी मदतीला आली होती, तिचा हात माझ्याहून स्थिर. पिवळ्या दोऱ्याची शेवटची बारा फुलं तिनेच केली. पावणेनऊला संपलं.

शाळेची_बाई | १७ मे, रात्री १०.२०

किती नेटकं केलंत! चौथ्या-पाचव्या दिवशी पाकळ्या वाळतील. तेव्हा फूल गळलं नाही आणि मधला हिरवा गोळा मुगाएवढा झाला तर धरलं समजा. त्या दिवसांत झाडाला तहान लागू देऊ नका, बाळफळं गळतात.

माणदेशी_डाळिंब | १७ मे, रात्री १०.३५

ताई, बाबांस्नी नमस्कार सांगा. पहाटं बॅटरी धरून हुबा ऱ्हाणारा माणूस म्हंजे खरा माळी.

गच्चीवाली_सांगली | २३ मे, सकाळी ७.००

मूग दिसतायत! आज मोजत नाही, आणखी थोडी गळतील.

मिरजमळा | २३ मे, सकाळी ७.३०

आम्ही सगळे इथे श्वास रोखून बसलोय.

गच्चीवाली_सांगली | १४ जून, रात्री ९.१५

हिशोब देते. पांढऱ्या दोऱ्याच्या वीस फुलांतून एक फळ. लाल दोऱ्याच्या वीसातून चार. पिवळ्या दोऱ्याच्या वीसातून बारा. मधल्या आठवड्यात वाऱ्याने पिवळ्यातली दोन गळाली ती यात धरलेली नाहीत. याशिवाय दोऱ्यांची फुलं झाल्यावर डब्यातले उरलेले पराग मी दिसेल त्या फुलाला लावत सुटले होते, त्यांची वेगळी एकवीस. एकूण अडतीस चेरी.

पहाटे तोडल्या, बर्फाच्या पिशवीवर डबा ठेवून पलूसला नेल्या. बाबांनी एक उचलली, उजेडाकडे धरून फिरवली, तीन फुगवटे बोटाने चाचपले आणि मग खाल्ली. बिया तळहातावर काढून मला दाखवल्या, तीन. म्हणाले, "विहिरीजवळच्या झाडाची चव आहे, पण रंग जास्त गडद आलाय, गच्चीचं ऊन." दुसरी खाल्ली, तिसरी आईला दिली. मग मला विचारलं, त्या मुलीसाठी ठेवल्यास का? ठेवल्या होत्या, दहा.

शाळेची_बाई | १४ जून, रात्री ९.४०

उद्या शाळा उघडतेय. तुमचे एक, चार, बारा मी फळ्यावर लिहिणार आहे. चालेल ना?

गच्चीवाली_सांगली | १४ जून, रात्री ९.४५

जरूर लिहा बाई.

तासगावचा_बागायतदार | १४ जून, रात्री ९.५०

अभिनंदन ताई. पण दर बहाराला पलूसची फेरी मारणार का?

गच्चीवाली_सांगली | १४ जून, रात्री १०.१०

नाही दादा. आज येण्याआधी गोठ्यामागच्या झाडाच्या दोन फांद्यांना गुटी बांधून आले. साल बोटभर गोल काढली, ओलं शेवाळ दाबलं, वर प्लास्टिक. सुतळी बाबांनी आवळली, माझी गाठ त्यांना सैल वाटली म्हणून. दीड-दोन महिन्यांत मुळ्या दिसतील. एक गुटी माझ्यासाठी, ड्रमचा उरलेला अर्धा भाग गच्चीवर रिकामाच आहे, खाली निचऱ्याची भोकं पाडून ठेवली आहेत. दुसरी गुटी मिरजमळा दादांसाठी, सुरिनामच्या जागी.

मिरजमळा | १४ जून, रात्री १०.१२

खड्डा उद्याच घेतो ताई. वरंब्यावर घेतो, कृष्णाकाठ यांनी सांगितलंय तसा.